बान्याचा सूर आणि गाण्याची संहिता : शामराव हिवाळे यांच्या परधान-अभ्यासाचा विचार

१

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखला जातो. त्याच परिसरात छत्तीसगढच्या हातमाग व हस्तशिल्पांच्या प्रदर्शनांसाठी राखलेले हाटाचे आवार आहे. कोशाचे कापड, ढोकरा पद्धतीच्या ओतीव मूर्ती, लोहशिल्पे आणि बांबूकाम यांच्या जोडीला अशा हाटांमधून गेल्या काही दशकांत गोंड शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रेही दिसू लागली आहेत. हरणाच्या शिंगांतून झाड उगवते, झाडाच्या फांद्यांतून पक्षी निघतात आणि प्रत्येक आकार बारीक ठिपक्यांनी व रेघांनी भरून गेलेला असतो. ग्राहक या चित्राकडे बहुधा नक्षी म्हणून पाहतो. ती कापडावर छापली गेली, तर सुती-रेशमी मालाप्रमाणे मीटरच्या मापाने विकलीही जाते.

ही शैली ज्यांनी घडवली ते परधान कलावंत मात्र पिढीजात चित्रकार नव्हते. ते गायक होते. गोंडांच्या कुळकथा, त्यांच्या राजांची आख्याने आणि महाभारताचे त्यांचे स्वतःचे कथन हे सारे परधानांच्या मुखी होते, आणि ते गाताना त्यांच्या हाती बाना नावाचे तंतुवाद्य असे. (मराठीत ‘बाणा’ हा शब्द स्वभावाच्या किंवा बिरुदाच्या अर्थाने रूढ आहे, येथे अभिप्रेत असलेला बाना म्हणजे गजाने वाजवायचे वाद्य.) चित्र, गाणे आणि वाद्य यांचे हे नाते केवळ चित्राकडे पाहून कळत नाही. ते समजून घेण्यासाठी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाकडे जावे लागते. ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ हा तो ग्रंथ, आणि शामराव हिवाळे हे त्याचे लेखक.

हिवाळे यांचे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. जिथे ते आढळते तिथेही व्हेरियर एल्विन यांचे सहकारी म्हणूनच आढळते. साहित्य, संगीत आणि भौतिक संस्कृती या तीन क्षेत्रांचा एकत्र विचार करणाऱ्या अभ्यासपरंपरेत मात्र त्यांच्या या एका ग्रंथाचे स्थान स्वतंत्रपणे तपासले जाणे आवश्यक आहे.

२

शामराव हिवाळे हे महाराष्ट्रीय ख्रिस्ती कुटुंबातील. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांचा एल्विन यांच्याशी संबंध आला. १९३२ च्या आरंभी हे दोघे तत्कालीन मध्य प्रांताच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी जाऊन राहिले. मैकल पर्वताच्या रांगेतील हा मुलूख आजच्या छत्तीसगढच्या सीमेला लागून आहे. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान अशी कामे तेथे उभी राहिली, आणि पुढे त्यांचे वास्तव्य पाटनगढ या गावी झाले. गावकरी एल्विन यांना ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. या संबोधनाला पुढे वेगळा अर्थ प्राप्त होणार होता.

दोघांच्या सहवासातून प्रथम दोन संयुक्त संग्रह निर्माण झाले : ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ (१९३५) आणि ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ (१९४४). यानंतर १९४६ या एकाच वर्षी दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एल्विन यांचा ‘फोक-साँग्ज ऑफ छत्तीसगढ’ आणि हिवाळे यांचा परधानांवरील ग्रंथ. एकाच अनुभवविश्वातून आलेले हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे गीताकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी स्पष्ट होतात. एकीत गाणे ही कविता आहे; दुसरीत गाणे हा व्यवहार आहे. या भेदाचे मोल जाणून घेण्यापूर्वी पहिल्या दृष्टीची परंपरा पाहणे इष्ट ठरेल.

३

परधानाच्या तोंडचे गाणे छापील कागदावर येण्याची कथा एल्विन यांच्या बरीच आधी सुरू होते. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचा संस्कृतिपुरुष लिंगो याचे दीर्घ आख्यान एका परधानाकडून मिळवले होते. हिस्लॉप १८६३ मध्ये मरण पावले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मूळ गोंडी शब्द आणि त्यांचा शब्दशः इंग्रजी अर्थ दिलेला आहे. वाचायला ते अवघड आहे. पण त्यातील पुनरुक्ती, अडखळणे, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे यांतून गायकाचा श्वास थोडाफार जाणवतो.

पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, कॅप्टन फॉर्सिथ यांनी ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात हेच आख्यान इंग्रजी पद्यात बांधले. त्यासाठी त्यांनी लाँगफेलो यांच्या ‘हायवाथा’ची (१८५५) चाल स्वीकारली. लाँगफेलो यांनी ती चाल फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतली होती, आणि ‘कालेवाला’ म्हणजे एलियास लोनरॉट यांनी फिनिश लोकगायकांकडून गोळा केलेल्या गीतांची १८३५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली व १८४९ मध्ये विस्तारलेली रचना. फिनलंडच्या लोकगायकांची चाल अमेरिकेतील मूलनिवासींच्या कथेला लागली आणि तेथून गोंडांच्या लिंगोला येऊन मिळाली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला प्रभावसंक्रमणाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या प्रवासात एक गोष्ट प्रत्येक मुक्कामावर गळत गेली. ‘कालेवाला’मध्ये वाइनामोइनेन माशाच्या जबड्याच्या हाडापासून कांटेले हे वाद्य घडवतो, आणि त्याच्या वादनाने सारी सृष्टी स्तब्ध होते. परधानांच्या कथेतही देवाला प्रसन्न करणारे वाद्य घडवण्याचा प्रसंग आहे. दोन्ही परंपरांनी काव्याचा उगम वाद्याच्या घडणीत पाहिला. तुलना करणाऱ्यांनी मात्र छंद उचलला आणि वाद्य मागे ठेवले.

एल्विन यांनी फॉर्सिथ यांचा कृत्रिम छंद नाकारला. आर्थर वेली यांच्या चिनी कवितांच्या अनुवादांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. यमकाचा हट्ट न धरता मूळ प्रतिमा जशीच्या तशी राखणारी, संयत, मुक्त ओळींची कविता त्यांनी सिद्ध केली. ज्या काळात शासकीय अहवाल आदिवासींना महसूल, जंगल आणि गुन्हा यांच्या रकान्यांत बसवीत होते, त्या काळात त्यांच्या ददरिया व करमा गीतांना जगातील उत्तम भावकवितेच्या पंक्तीला बसवणे हे धैर्याचे आणि माणुसकीचे काम होते. एल्विन यांच्या आत्मचरित्राला १९६५ सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्यांच्या लेखनाची वाङ्मयीन योग्यता त्यातून अधोरेखित झाली.

तथापि या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. ददरिया हे बहुधा दोन ओळींचे गाणे. शेतात वा रानात काम करताना एकाने टाकायचे आणि दुसऱ्याने उचलायचे. त्याचा अर्थ पुष्कळदा उत्तरात असतो. एकटी ददरिया पानावर उतरली की ती सुटी, हळवी प्रेमकविता वाटते; तिच्यातील थट्टा, आव्हान आणि जिंकण्या-हरण्याचा खेळ दिसेनासा होतो. करमा हे मांदरच्या ठेक्यावर पावले टाकताना म्हणायचे गीत. त्यातील टेक आणि अर्थहीन वाटणारे उद्गार नर्तकांना एका लयीत ठेवतात. अनुवादात त्यांना जागा उरत नाही. वाचकाच्या हाती येते ती इंग्रजी काव्यरुचीला भावणारी, गायकापासून सुटी झालेली प्रतिमा.

एल्विन यांना वस्तूंचे भान नव्हते असे म्हणता येणार नाही. ‘द अगारिया’ (१९४२) या ग्रंथात त्यांनी लोहार समाजाची भट्टी आणि त्यांच्या पुराणकथा यांचा अतूट संबंध दाखवला आहे. ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ (१९४७) मध्ये गाणी, फण्या आणि नृत्ये एकत्र येतात. ‘द ट्रायबल आर्ट ऑफ मिडल इंडिया’ (१९५१) तर संपूर्णपणे कलावस्तूंवर आहे. पण गीतसंग्रह सिद्ध करताना त्यांनी गीताला वेगळे काढले. गाणी एका ग्रंथात, वस्तू दुसऱ्या ग्रंथात अशी वाटणी झाली. हिवाळे यांच्या ग्रंथात ही वाटणी होऊ शकली नाही, कारण त्यांनी विषय म्हणून गीत निवडले नव्हते. गाऊन जगणारा समाज निवडला होता.

४

परधान हे गोंडांचे गायक. परंपरेने प्रत्येक परधान कुटुंबाची ठरावीक गोंड यजमान घरे असत. काही वर्षांच्या अंतराने परधान बाना घेऊन यजमानाच्या दारी जाई. या यात्रेला मंगतेरी असे नाव आहे. तेथे तो बडा देवाची कथा, कुळाची कथा, गोंड राजांची ‘गोंडवानी’ व पांडवांची ‘पंडवानी’ गाई आणि धान्य, वस्त्र, जनावर वा दागिना घेऊन परते.

‘मंगतेरी’ या शब्दात मागणे आहे, म्हणून परधानाला भिक्षेकरी समजण्याची चूक पूर्वीच्या नोंदींत सहज होत असे. हिवाळे यांचे वेगळेपण येथे दिसते. परधान ज्या कथेने आपले मागणे सुरू करतो ती कथा त्यांनी त्या मागण्याचा पाया म्हणून वाचली. कथेची रूपे अनेक आहेत. तिचा गाभा थोडक्यात असा. गोंड भावांचा देव साजाच्या झाडात राहतो. तो रुष्ट होतो किंवा दिसेनासा होतो. थोरल्या भावांना उपाय सापडत नाही. सर्वांत धाकटा भाऊ लाकडाचा बाना घडवून वाजवतो, आणि त्या सुराने देव प्रसन्न होतो. त्या धाकट्याचे वंशज ते परधान. तेव्हापासून शेती थोरल्यांकडे आणि बाना धाकट्याकडे राहिला. देवाला जागवण्याचे काम ज्याच्याकडे आले, त्याचा घराच्या मिळकतीतील वाटा मात्र थोरल्याकडेच राहून गेला. मंगतेरीत परधान जे घेतो ते या वाट्याचे देणे असते.

असे पाहिले की गाण्याचे स्वरूपच बदलते. कुळकथा हे आता मनोरंजन वा नुसते पुराण राहत नाही; ती हक्काची सनद ठरते. ज्याच्या घराची वंशावळ त्याच्यापेक्षा धाकट्यालाच अधिक ठाऊक आहे, असा यजमान धाकट्याला रिक्त हाताने पाठवू शकत नाही. दुसरीकडे सामाजिक दर्जात परधान गोंडांपेक्षा खालचा मानला जाई. ज्याच्यावाचून कुळाची स्मृती टिकत नाही, त्यालाच कुळाबाहेर उभे करायचे, असा हा विरोध आहे. परधानाचा चतुरपणा, विनोद, अतिशयोक्ती, थोडीशी बढाई हे त्याच्या काव्याचे विशेष या विरोधातून आलेले आहेत. शैलीचे कारण समाजरचनेत शोधण्याची ही दृष्टी १९४६ सालच्या लोकसाहित्याभ्यासात दुर्मीळ होती.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी बाना आहे. एका लाकडातून कोरलेला देह, त्यावर ताणलेले कातडे, घोड्याच्या केसांच्या तीन तारा आणि गज, एवढीच त्याची घडण. पण परधानाच्या दृष्टीने तो देवाचे आसन आहे. गाण्यापूर्वी त्याला मान द्यायचा असतो. कथेतील बाना आणि हातातील बाना एकच असल्यामुळे कथन चालू असताना कथेचा पुरावा श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष हजर असतो. कथा सांगते की धाकट्याने वाद्य घडवले. वाद्य सांगते की कथा खरी आहे. शब्द, सूर आणि वस्तू यांपैकी एकाला काढून घेतले तर उरलेल्या दोहोंचा अधिकार संपतो. हिवाळे यांनी हे सूत्र सिद्धान्ताच्या भाषेत मांडलेले नाही. त्यांच्या वर्णनाच्या रचनेतून ते निष्पन्न होते.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. गोंधळ्याचा संबळ, तुणतुणे आणि दिवटी. वासुदेवाची मोरपिसांची टोपी. भराड्याचा डौर ही नुसती साधने नव्हेत. त्यांच्यावाचून त्या त्या गायकाला दारात उभे राहण्याचा अधिकारच मिळत नाही. रा. चिं. ढेरे यांनी लोकसंस्कृतीच्या उपासकांवर केलेल्या लेखनातून ही जाणीव मराठीत रुजली. विदर्भातील परधानांच्या हाती बान्याऐवजी किंगरी दिसते, आणि किंगरी हे नाव नाथपंथी भिक्षेकऱ्यांमुळे मराठीत जुन्या काळापासून ओळखीचे आहे. नर्मदेच्या उगमाकडील परधान आणि यवतमाळ-चंद्रपूरकडील परधान यांच्या वाद्यांची, कथांची व यजमान-संबंधांची तुलना हा विषय मराठी अभ्यासकांच्या अगदी दारात उभा आहे.

५

हिवाळे यांच्या ग्रंथाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. १९४३ मध्ये गो. स. घुर्ये यांचा ‘दी ॲबोरिजिनीज—सो-कॉल्ड—अँड देअर फ्यूचर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदिवासी हे मागे राहिलेले हिंदूच होत, असे घुर्ये यांचे प्रतिपादन होते, आणि आदिवासींना बाह्य शोषणापासून राखून ठेवण्याची एल्विन यांची भूमिका त्यांच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होती. या वादात एक बाजू आदिवासी संस्कृतीचे वेगळेपण सांगत होती, दुसरी तिचे हिंदू समाजाशी असलेले सातत्य.

परधानांच्या गायनसंभाराकडे पाहिले की हा वाद ज्या प्रकारे मांडला गेला तो अपुरा वाटू लागतो. परधान बडा देवाची कथा गातो आणि त्याच बान्यावर पांडवांचीही कथा गातो. ही पंडवानी व्यासांच्या महाभारताची मोडकी प्रत मानली तर घुर्ये यांच्या मताला बळ मिळते. ती पूर्णपणे स्वतंत्र मानली तर महाभारताशी असलेले तिचे उघड नाते नाकारावे लागते. वस्तुतः परधानाने पांडवांना आपल्या श्रोत्यांच्या जगात आणले आहे, आणि कथेला स्वीकारार्हता आली आहे ती बान्यामुळे. बाहेरून आलेली कथा कोणत्या वाद्यावर, कोणासमोर व कशाच्या मोबदल्यात गायली जाते, यावर ती कोणाची हे ठरते. तौलनिक साहित्यातील ‘प्रभाव’ या संकल्पनेला हिवाळे यांच्या सामग्रीने दिलेले हे उत्तर आहे.

रायपूर-दुर्गच्या मैदानी मुलखातील पंडवानी याच प्रश्नाचे दुसरे रूप दाखवते. तेथे वेदमती व कापालिक अशा दोन शैली मानल्या जातात. झाडूराम देवांगन व पूनाराम निषाद हे वेदमती शैलीचे ख्यातनाम गायक. कापालिक शैलीला जगभर पोहोचवणाऱ्या तीजनबाई यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातील तंबुरा सूर देतो, आणि पुढच्याच क्षणी तो भीमाची गदा किंवा अर्जुनाचे धनुष्य होतो. तीजनबाईंच्या पंडवानीचे केवळ शब्द छापले तर गदा उचलली गेल्याचा क्षण वाचकाला कळणारच नाही, कारण तो शब्दांत नाही. तो वाद्याच्या हालचालीत आहे.

याच प्रदेशातील सुवा गीतांचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीत धान्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि त्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरून गातात. गीत पोपटाला उद्देशून असते. निव्वळ संहिता वाचणाऱ्या अभ्यासकाला येथे संस्कृतातील दूतकाव्याची आठवण येईल आणि पोपट हा काव्यसंकेत आहे असे तो म्हणेल. टोपली पाहणाऱ्याला दिसेल की पोपट प्रत्यक्ष समोर आहे, तो धान्यावर बसला आहे, आणि गीत संपल्यावर घरधनिणीने नवे धान्य द्यायचे आहे. अमेरिकन अभ्यासक जॉइस फ्लूकिगर यांनी १९९६ च्या ‘जेंडर अँड जॉनर इन द फोकलोअर ऑफ मिडल इंडिया’ या ग्रंथात छत्तीसगढच्या गीतप्रकारांचा विचार, कोण गाते व कोणत्या समाजात गाते या अंगाने केला. त्यामागची प्रेरणा वेगळी असली तरी हिवाळे यांच्या पद्धतीशी तिचे नाते जुळते.

महाराष्ट्रात हाच धडा जात्यावरच्या ओवीने दिला. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या तेव्हा त्यांतील भावसौंदर्य मराठी वाचकाला प्रथम मोठ्या प्रमाणावर गवसले. पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या स्त्रियांच्या सहभागाने संकलित केल्या आणि त्यांतील पुष्कळ आवाजासह ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हा जात्याची फेरी, खुंट्यावरचे दोन हात आणि ओवीची ओळ यांचे परस्परावलंबन समोर आले. जाते थांबले की ओवीला बसायला जागा राहत नाही, हे त्या बायकांना ठाऊक होते. अभ्यासाला ते कळायला वेळ लागला.

६

हिवाळे यांच्या ग्रंथाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. त्यांनी वाद्याला केंद्रस्थान दिले, तरी सुरांची चिकित्सा त्यांच्याकडे नाही. बान्यावर कोणते स्वर कसे निघतात, गायकाचा आवाज आणि गज यांचा मेळ कसा बसतो, कथनाची लय कुठे बदलते, या प्रश्नांना स्वरलेखनाची किंवा ध्वनिमुद्रणाची गरज होती. मराठीत अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) लिहून लोकसंगीताच्या विचाराला शास्त्रीय बैठक दिली, तिथे संगीताचा विचार साहित्याच्या आधाराशिवाय उभा राहिला. हिवाळे यांची समाजदृष्टी आणि रानडे यांची संगीतदृष्टी यांचा मेळ घालणारा अभ्यास ही परधान-गायनाची खरी गरज होय.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. परधानाची बोली, हिवाळे यांची मराठी आणि ग्रंथाची इंग्रजी असे हे तीन थर आहेत. परधानाच्या तोंडचे शब्द आणि लेखकाचे निवेदन यांच्यातील सीमारेषा इंग्रजीत पुसट होते. याशिवाय शाळा व दवाखाना चालवणारा ‘छोटा भाई’ गावात केवळ निरीक्षक असू शकत नव्हता. त्याला सांगितलेल्या कथांवर त्या नात्याची छाया पडलेली असणार. परधानाच्या स्वच्छंदपणाविषयीचे लेखकाचे प्रेम कधी कधी त्याच्या गरिबीवर पडदा टाकते, असाही आक्षेप घेता येईल.

मात्र याच ठिकाणी ग्रंथाचे सामर्थ्यही आहे. ज्याचे काम दुसऱ्याच्या कीर्तीला आधार देण्याचे होते, त्या सहकाऱ्याने स्वतंत्र विषय निवडताना थोरल्या भावाची स्मृती सांभाळणारा धाकटा भाऊ निवडला. याला योगायोग म्हणावे की आत्मीयता, हा निर्णय वाचकाने करावा. एवढे मात्र निश्चित की परधानाच्या मागण्यातील स्वाभिमान त्यांनी जितका अचूक ओळखला तितका इतरांना क्वचितच ओळखता आला.

७

हिवाळे यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात मंगतेरी क्षीण होत गेली. यजमानांची शेती आटली, देण्याची ऐपत घटली, आणि गाणाऱ्यांच्या हाती मजुरी आली. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी कलावंतांचा शोध घेणाऱ्या जगदीश स्वामीनाथन यांच्या सहकाऱ्यांना पाटनगढमध्ये एक तरुण परधान भिंतीवर चित्रे काढताना आढळला. तो जनगढ सिंह श्याम. एल्विन आणि हिवाळे ज्या गावात राहिले त्याच गावातून ही चित्रशैली निघाली. जनगढ यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात मांडली गेली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्यांनी आपले जीवन संपवले.

जनगढ यांच्यानंतर त्यांच्या आप्तांनी आणि गावकऱ्यांनी ही शैली पुढे नेली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ (२०११) हे चित्रपुस्तक साकारले. ज्यांचे पूर्वज गोंड राजांची आख्याने गात, त्यांनी महूत जन्मलेल्या आणि महाराष्ट्रात घडलेल्या नेत्याचे आख्यान रेषांत गायले. परधानांचा जुना धंदा हाच होता : दुसऱ्याची कथा त्याच्यापर्यंत पोहोचवायची आणि तिच्यात स्वतःचा वाटा राखायचा.

या चित्रांकडे हिवाळे यांच्या ग्रंथातून पाहिले तर त्यांतील बरेच काही उलगडते. साजाचे झाड पुन्हा पुन्हा का येते, झाडातून देव का डोकावतो, एका आकारातून दुसरा आकार न थांबता का निघतो, या प्रश्नांची उत्तरे रंगसंगतीत नाहीत. आख्यानात एका प्रसंगातून दुसरा निघतो, त्याच रीतीने चित्रात हरणातून झाड निघते. काही अभ्यासकांनी ठिपक्यांच्या भरणीत सुरांचे कण पाहिले आहेत. त्या उपमेला किती ताणावे हा वेगळा प्रश्न. पण चित्राचा उगम गायनात आहे ही तिच्यामागील जाणीव यथार्थ आहे.

बदलला आहे तो यजमान. संग्रहालय, शासन, प्रकाशक आणि ग्राहक हे आजचे यजमान आहेत. त्यांना परधानाची कुळकथा ठाऊक नाही, आणि परधानाला त्यांची वंशावळ गाता येत नाही. त्यामुळे देणे हे वाट्याचे न राहता किमतीचे झाले. हाटातील चित्राची किंमत ठरवताना घासाघीस होते ती कागदाचा आकार आणि कामाचा बारकावा यांवर. त्या चित्रामागे एका धाकट्या भावाची जुनी मागणी उभी आहे, हे सांगणारा बाना तेथे वाजत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने १९४६ चे ते दोन ग्रंथ एकत्र वाचावेत. एल्विन यांच्या संग्रहातून त्याला कळेल की गाणे किती सुंदर असू शकते. हिवाळे यांच्या ग्रंथातून कळेल की ते सौंदर्य कोणाच्या श्रमावर, कोणत्या लाकडावर आणि कोणत्या न चुकवलेल्या देण्यावर उभे आहे. त्यानंतर पंडरीच्या हाटातील एखाद्या चित्रासमोर तो उभा राहिला तर ‘ही नक्षी कशाची’ एवढ्यावर त्याची जिज्ञासा थांबणार नाही. ‘हे गाणे कोणाचे, आणि त्याचा वाटा त्याला मिळाला का’ असेही तो विचारील.